पाहिलं किती आणि वाटलं किती

काशिनाथभाऊंची आणि माझी पहिली भेट डहाणूच्या खाडीत, कमरेएवढ्या पाण्यात झाली. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. झालं ते तसंच झालं. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा असेन. गाव सरावली. शाळा सहावीत सुटलेली, म्हणजे मीच सोडलेली. आशागडला गवताच्या वखारीत गंजी रचून झाल्या होत्या, कासा नाक्यावर हॉटेलात कपबशा विसळून झाल्या होत्या, तलासरीकडे सडकेच्या कामावर खडी फोडून झाली होती. चार महिन्यांच्या वर कुठेच टिकलो नव्हतो. गवताच्या वखारीत काम बरं होतं, पण अंगाला खाज फार सुटते, आणि मुकादम गुजरातीत शिव्या देई त्या मला कळत नसत, म्हणून जास्तच झोंबत. असो. तो विषय नाही.

होडीवर काम करावं असं मनात आलं. कुणी तरी सांगितलं, मच्छीमार सोसायटीत जा, काशिनाथभाऊंना भेट. ते सोसायटीचे चिटणीस आहेत आणि वस्तीचे पाटीलही, नाखवे त्यांच्या शब्दावर माणूस घेतात. नाखवा म्हणजे होडीचा मालक, हे मला तिथेच कळलं. भाऊ सोसायटीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, पोहता येतं का. मी म्हणालो, येतं असं वाटतं.

भाऊंनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "वाटतं, का येतं?"

ते उठले, धोतर वर खोचलं आणि मला घेऊन समोरच्या खाडीत उतरले. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी मला पुढे जायला सांगितलं. मी बारा हात मारले. तेराव्याला नाकातोंडात पाणी गेलं. भाऊंनी मानगूट धरून मला उभं केलं आणि तशाच ओल्या धोतराने नारायण नाखव्यांच्या दारात नेलं. तिथे त्यांनी काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "पोरगा बरा आहे, असं माझं मत आहे. पोहतो बारा हात, ते मी बघितलंय."

त्या दिवशी मला ही दोन वाक्यं एकसारखीच वाटली होती. त्यांच्यातला फरक कळायला मला पुढे एका माणसाला जवळजवळ बुडवावं लागलं. यंदा भाऊंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि या गौरवग्रंथात त्यांच्या कार्याविषयी जाणत्या लोकांनी लिहिलंच आहे. सोसायटी कशी उभी राहिली, सूत आणि डांबर वेळेवर मिळू लागलं, मासळी सुकवायला जागा मिळाली, हे मी पुन्हा लिहीत नाही. संपादकांनी मला लिहायला सांगितलं ते मी लेखक आहे म्हणून नव्हे, तर त्या प्रसंगात मी होतो म्हणून.

आधी भाऊंची सभेची रीत सांगतो, कारण बाहेरच्या वाचकांना ती ठाऊक नसेल. वस्तीची सभा देवळाच्या मंडपात भरते. भाऊ पाटील झाले तेव्हापासून तिथे एक नियम आहे. ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल, त्याने उभं राहून सांगायचं. ज्याला नुसतं वाटत असेल, त्याने बसल्या जागेवरून सांगायचं. आणि ज्याने ऐकलं असेल, त्याने कुणाकडून ऐकलं त्याचं नाव घ्यायचं, नाहीतर तोंड मिटायचं. म्हातारे थट्टा करत, काशिनाथच्या सभेत गुडघे दुखत नाहीत, कारण उभं राहायची पाळीच कुणावर येत नाही. "सगळे म्हणतात" हे शब्द भाऊंना सहन होत नाहीत. कुणी म्हणालं की ते शांतपणे विचारतात, सगळे म्हणजे कोण कोण, नावं सांग. तिसऱ्या नावाला माणूस अडखळतो.

यावरून कुणाला वाटेल की भाऊंना मत या गोष्टीचाच राग आहे. तसं नाही. एकदा होडीवर त्यांनी मला पाण्याचा अंदाज घेण्याची दोरी दाखवली. दोरीला शिसं बांधून खाली सोडतात आणि किती वाव पाणी आहे ते बघतात. दोन्ही हात पसरले की एक वाव. भाऊ म्हणाले, "दोरी म्हणते चार वाव. ते पाणी झालं. इथून होडी काढता येईल का, ते तांडेलाचं, होडी हाकणाऱ्याचं मत. नुसत्या दोरीने होडी पलीकडे जात नाही, मत लागतंच. पण तांडेलाने आपलं मत दोरीच्या तोंडात घालू नये. फसला तर त्याने म्हणावं, मी फसलो. पाणी फसलं म्हणू नये."

त्यांना दुसऱ्याचं मत घ्यायचीही तितकीच आस्था. राज्याच्या हद्दीचा वाद चालला होता, डहाणू इकडे राहणार की तिकडे जाणार, त्या दिवसांतली एक गोष्ट आहे. मी ती पाहिलेली नाही. भाऊंच्या पत्नी सोनूकाकी यांच्याकडून ऐकली. कुणी साहेब वस्तीत आले, सोसायटीच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, पाटील, तुमच्या वस्तीचं मत काय ते सांगा, म्हणजे लिहून घेतो. भाऊ म्हणाले, वस्तीला तोंड नाही साहेब, घरं आहेत. आणि त्यांनी साहेबांना उन्हात दारोदार फिरवलं. मंगळीआजी म्हणून एक फार म्हाताऱ्या बाई होत्या. साहेबांनी त्यांना विचारलं, तुमचं मत काय. आजी म्हणाल्या, "सत्तर वर्सांत कोनी इचारलं नाय. आता इचारलंस तर दोन दिवस थांब, मी इचार करते." साहेबांना घाई होती. भाऊंनी त्यांना दोन दिवसांनी परत यायला लावलं. आजींचं मत काय पडलं, ते काकींनाही ठाऊक नाही. पण साहेब परत आले होते, हे त्यांनी पाहिलं होतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टाळत होतो, हे कबूल करतो.

महाराष्ट्र झाल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षीची ही गोष्ट. कार्तिकी पुनवेचं उधाण होतं. मी नारायण नाखव्यांच्या होडीवर खलाशी होतो. आमच्याकडे डोल लावतात, म्हणजे समुद्रात खुंट ठोकून त्याला पिशवीसारखी मोठी जाळी बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आत जाते. प्रत्येक घराची खुंटाची जागा वाडवडिलांपासून ठरलेली असते. त्या जागेवरून आमचे नाखवे आणि देवजी तांडेल यांचं भांडण चाललं होतं. देवजी आपल्या लहान होडीचे मालकही होते आणि तांडेलही. माणूस तापट, बोलणं तोडून टाकल्यासारखं, वस्तीत फारसा कुणाचा लाडका नाही. आठवडाभर आधी किनाऱ्यावर सगळ्यांसमोर ते नाखव्यांना म्हणाले होते, "बगतो कशी जाली लावतोस ती."

त्या पहाटे धुकं होतं. आम्ही खुंटांजवळ पोचलो तर जाळी नव्हती. दोर कापलेले, अर्धी जाळी वाहून गेलेली, उरलेली चिंध्यांसारखी लोंबत होती. नाखव्यांनी कापलेला दोर हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. तेवढ्यात मला उत्तरेकडे धुक्यात एक शीड दिसलं. त्याला काळं ठिगळ होतं. ते दिसलं आणि धुक्यात गेलं. देवजींच्या शिडाला काळं ठिगळ होतं, हे वस्तीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. मी ओरडलो, "देवजीचं शीड."

एवढंच. दोन शब्द. बाकीचं किनाऱ्यावर वाढलं. होडी लागताच खलाशांनी सांगितलं, वश्याने, म्हणजे मी, देवजीची होडी बघितली. चहाच्या दुकानात ते झालं, वश्याने देवजीला बघितलं. दुपारी मला एकाने विचारलं, कोयता होता का रे हातात. मी नाही म्हणालो नाही. मी म्हणालो, काही तरी होतं. आणि सांगायला लाज वाटते, पण संध्याकाळपर्यंत मला खरोखर देवजींचा चेहरा दिसू लागला. त्यांची पांढरी दाढी, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, सगळं. मी खोटं बोलतोय असं मला वाटत नव्हतं. लोक माझ्याकडे बघत होते, मला चहा पाजत होते, आणि प्रत्येक वेळी सांगताना धुकं थोडं विरत होतं.

त्याच दिवशी दुपारी देवजी परत आले ते होडीत पाणी घेऊन. तळाची फळी उघडली होती. गोष्ट किनारभर पसरायच्या आत, भरतीच्या पाण्यावर त्यांनी चार लोकांच्या मदतीने होडी वर वाळूत ओढली आणि फटी भरायला घेतल्या. संध्याकाळी तीच फळी पुरावा झाली. लोक म्हणाले, खुंटावर घासली, दुसरं काय. चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या दिवशी दुपारी सभा ठरली आणि सभेत काय होणार, तेही ठरल्यासारखंच होतं. देवजींना वाळीत टाकायचं. म्हणजे त्यांच्या होडीला कुणी हात लावायचा नाही, बाजारात त्यांच्या बायकोला ओळीत बसू द्यायचं नाही, त्यांच्या घरी लग्न-मयताला जायचं नाही. समुद्रावर पोट असलेल्या माणसाला ही फाशीच. होडी ढकलायला वीस माणसं लागतात. ती माणसं नसतील तर होडी हे नुसतं लाकूड.

सकाळी नाखव्यांनी मला घरी बोलावून नवा सदरा दिला. म्हणाले, सभेत उभं राहायचंय तुला, फाटक्याने बरं दिसत नाही. त्यांनी मला काय सांग, काय सांगू नको, असं काही म्हटलं नाही. सदरा माझ्या मापाचा होता. मी तो घातला.

मंडप भरला होता. देवजी एका खांबाला टेकून बसले होते, त्यांचे दोन मुलगे शेजारी. भाऊंनी विचारलं, कुणी पाहिलंय. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि मी उभा राहिलो. नव्या सदऱ्याची कडक कॉलर मानेला टोचत होती, हे अजून आठवतं.

भाऊंनी मला दटावलं नाही. दटावलं असतं तर मी अडून बसलो असतो. ते पाणी मापल्यासारखे एकेक विचारत गेले. होडी कुठे होती. शीड किती लांब होतं. मी सांगितलं, इथून दीपस्तंभाइतकं, मग म्हणालो त्याहून जवळ, मग म्हणालो धुकं होतं. ठिगळ कुठल्या अंगाला होतं. मी म्हणालो, उजव्या. त्यांनी विचारलं, तुझ्या उजव्या का शिडाच्या. मला सांगता येईना. होडीत माणसं किती होती. मी म्हणालो, दिसली नाहीत. मंडपात कुजबुज झाली. नारायण नाखवे माझ्याकडे एकटक बघत होते.

"देवजीचा चेहरा बघितलास?"

मी डोळे मिटले. चेहरा होता. दाढी, रुमाल, सगळं होतं. पण त्याच्याभोवती समुद्र नव्हता. त्याच्याभोवती चहाचं दुकान होतं.

मी डोळे उघडले. भाऊ म्हणाले, "वसंता, जेवढं बघितलंस तेवढं उभ्याने सांग. उरलेलं बसून सांग. लाज दोन्हीत नाही."

मी म्हणालो, काळ्या ठिगळाचं शीड पाहिलं. मग मी खाली बसलो. आयुष्यात पुष्कळ ठिकाणी उभं राहायला मला जड गेलं आहे, पण इतकं जड बसणं कधी झालं नाही. बसून म्हणालो, ते देवजीकाकांचं असावं, असं मला वाटलं.

मंडप उसळला. नाखवे म्हणाले, याला काल कुणी फितवलं. एक जण म्हणाला, वश्याने खाल्लेलं मीठ थुंकलं. भाऊंनी देवजींना विचारलं, तुला काही सांगायचंय का. देवजी जागचे हलले नाहीत. "ज्याला ठरवायचं त्याने ठरवलंय," एवढंच म्हणाले. या माणसाची ही खोडच होती. आपली बाजू मांडणं त्यांना भीक मागितल्यासारखं वाटे. त्या उत्तराने लोक आणखी पेटले.

भाऊ मग म्हणाले, देवजीबद्दल ज्याचं जे मत असेल ते त्याने आपल्याजवळ ठेवावं, मत ठेवायला कुणाला बंदी नाही. पण वाळीत टाकायला मत पुरत नाही. नारायणच्या जाळ्याला सूत सोसायटी देईल, विणायला ते स्वतः बसतील. कापणारा सापडला तर त्याला याच मंडपात उभा करू. नाखवे उठले. जाता जाता म्हणाले, "सभा तुमची, पाटील. किनारा सगळ्यांचा. उद्या त्याच्या होडीला कोन खांदा लावतो, ते मी बगतो."

मी संध्याकाळी सदरा धुऊन, घडी करून नाखव्यांच्या ओट्यावर ठेवला. काम गेलं हे सांगायला नको. सोनूकाकींनी मला ओट्यावरून हाक मारली, जेवायला घातलं आणि एक शब्द विचारला नाही. पुढचे पाच महिने मी त्याच ओट्यावर राहिलो. काकी मला कधी पाहुणा म्हणाल्या नाहीत आणि नोकरही समजल्या नाहीत. भाऊंनी सोसायटीच्या दुकानात मला सूत-डांबराच्या कामाला लावलं. माझ्यासारख्या चंचल माणसाला तिथे पाच महिने काढता आले, यात त्या घराचा वाटा किती, हे मलाच ठाऊक.

सभेनंतरचा दिवस उधाणाचा शेवटचा. पुनवेचं पाणी दुपारी बारा-साडेबाराला पूर्ण भरतं, आणि त्या दिवसानंतर ते रोज थोडं खालीच राहतं. देवजींची होडी उंच वाळूत होती. आज ती पाण्यात गेली नाही तर अमावास्येपर्यंत तिथेच. ऐन हंगामातले पंधरा दिवस. आणि एकदा पंधरा दिवस कुणी खांदा दिला नाही की सोळाव्या दिवशी सभेची गरजच उरत नाही. माणूस आपोआप वाळीत पडतो.

अकराच्या सुमाराला मी गेलो. सुरूच्या झाडांखाली सगळी वस्ती जमली होती, पण झाडांच्या सावलीबाहेर कोणी नव्हतं. होडीजवळ देवजी, दोन मुलगे आणि एक मेहुणा. चौघे. नारायण नाखवे एका उलट्या होडीवर बसून विडी ओढत होते. त्यांना काही करायचंच नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

मग भाऊ आले. त्यांनी कुणाला हाक मारली नाही, कुणाकडे पाहिलं नाही. चपला काढल्या, टोपी काढून चपलेवर ठेवली आणि होडीच्या नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला, खांदा लावून उभे राहिले. पाचवे. देवजींचा धाकटा मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, भाऊ, तुम्ही सांगा ना त्यांना, तुमचं ऐकतील. भाऊ म्हणाले, हुकमाने आलेला खांदा उद्या परत जाईल. थांब.

पाणी वर येत होतं. आधी वाळूतल्या खळग्यात आलं, मग होडीच्या मागच्या टोकाला लागलं. मी सावलीच्या कडेला उभा होतो. माझ्या दोन शब्दांनी हे सगळं झालं होतं आणि माझे पाय निघत नव्हते. नाखव्यांनी माझ्याकडे पाहिलं, विडी झटकली. का कोण जाणे, त्या झटकण्याने मी निघालो. देवजींनी मला बघितलं. मला वाटलं, थोबाडीत देतील. ते बाजूला सरकले आणि मला जागा दिली. सहावा.

त्यानंतर भिकूबाबा आले, ऐंशीच्या घरातले, ज्यांच्या खांद्याचा होडीला काही उपयोग नव्हता. त्यांना एकट्याला उभं राहिलेलं बघवेना म्हणून त्यांचे दोन नातू आले. मग आणखी तिघे. बारा झालो. पहिल्यांदा जोर लावला तेव्हा होडी कुरकुरली आणि तिथेच राहिली. दुसऱ्यांदा वीतभर सरकली. पाणी आता थांबलं होतं. भरलेलं पाणी थोडा वेळ तसंच उभं राहतं आणि मग वळतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक माणसाला तो वेळ पोटात कळतो.

तेव्हा आमच्याच होडीचे, म्हणजे नाखव्यांच्या होडीचे खलाशी उठले. पाच-सहा जण. नाखवे म्हणाले, कुठे निघालात. त्यातला एक म्हणाला, "नाखवा, परवा आपली पन ढकलायची हाय. तवा देवजी येल का नाय, ते आजच बगायला पायजे ना." कोणी तरी हसलं, आणि त्या हसण्यावर बाकीचे आले. किती झालो ते मोजायला कुणाला सवड नव्हती. तिसऱ्या जोराला होडी पाण्यात गेली. पाणी वळायला लागलं होतं.

इथे माझी गोष्ट संपली असती, तर एवढाच अर्थ निघाला असता की भाऊंना देवजी निर्दोष वाटत होते म्हणून ते पाठीशी उभे राहिले. मीही तसंच समजत होतो. वस्तीतल्या प्रत्येकाचं तेच मत होतं.

महिनाभराने एक गलबत खाडीत गवत भरायला आलं. त्याचा तांडेल सोसायटीत येऊन विचारू लागला, मागच्या पुनवेला इथल्या कुणाची डोल गेली का. धुक्यात त्याचं सुकाण जाळ्यात अडकलं होतं, सोडवता आलं नाही, कापून मोकळं व्हावं लागलं, परत वळायला वारा नव्हता. त्याला ते डाचत होतं. आम्ही सगळे धावत खाडीवर गेलो. गलबताच्या शिडाला काळं ठिगळ होतं, देवजींच्या शिडाहून तिप्पट मोठ्या शिडाला. धुक्यात लहान होडी जवळ आहे की मोठं गलबत लांब आहे, हे मला कळलं नव्हतं.

सभा पुन्हा भरली. तांडेलाने सगळं उभ्याने सांगितलं. नारायण नाखव्यांनी मान खाली घातली. आता संपलं, असं वाटून लोक उठायला लागले तेव्हा भाऊ म्हणाले, थांबा, माझं राहिलंय. आणि ते उभे राहिले.

"नारायणची जाळी देवजीने कापली, असं माझं मत होतं. भांडण मी ऐकलं होतं, देवजीचा राग मला ठाऊक होता. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. ते मत चुकलं. देवजी, मी चुकलो."

हे भाऊंनी सांगितलं नसतं तर कुणाला कधी कळलं नसतं. देवजी खांबाजवळून उठले. पहिल्यांदाच मी त्यांना गोंधळलेलं पाहिलं. त्यांनी विचारलं, "मंग होरी कशाला ढकललीस रं माजी?"

भाऊ म्हणाले, "मत माझं होतं. होडी तुझी होती."

मी शाळा फार शिकलो नाही. मत या शब्दाचा अर्थ कोशात काय दिला आहे, मला ठाऊक नाही. पुढेही मी पुष्कळ भटकलो. वापीला राहिलो, मुंबईला राहिलो, आता पुन्हा डहाणूत आहे, किती दिवस ते विचारू नये. जिथे गेलो तिथे माणसं आपलं मत कुऱ्हाडीसारखं खांद्यावर टाकून हिंडताना दिसली. ठाम मत असणारे लोक थोर, असं सभांतून ऐकतो. भाऊंचंही मत ठामच होतं, आणि ते चुकीचं होतं. त्यांनी ते तीस दिवस स्वतःजवळ ठेवलं आणि त्याचा ओरखडा देवजींच्या होडीला लागू दिला नाही. याहून अवघड काम मी कुणाला करताना पाहिलेलं नाही. पाहिलेलं नाही, असंच लिहितो आहे.

हा लेख छापण्याआधी देवजीकाकांना विचारणं भाग होतं. परवा त्यांच्याकडे गेलो. ते जाळं विणत बसले होते, आता नजर कमी झाली आहे, बोटांनीच विणतात. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांच्या तापटपणाविषयी लिहिलं आहे तिथे म्हणाले, कमी लिहिलंस. मग जाळं मांडीवरून खाली ठेवलं. मला वाटलं, परवानगी नाही. शेवटी म्हणाले, "छाप. पन माजं पन एक घाल त्यात. मी समजत होतो, काशिनाथ नारायनचाच मानूस. सभेला निघालो तवा बायकोला सांगून गेल्तो, भांडी बांध, पोरांचे कपडे बांध, सांजच्याला उंबरगावाला तुज्या भावाकडं जायाचं. ती बांधून बसली व्हती. दुसऱ्या दिवशी होरी पान्यात गेली, तवा तिनं गाठोडी सोडली आनि चूल पेटवली."

आत देवजीकाकांच्या पत्नी भाकऱ्या थापत होत्या. त्यांनी बाहेर न बघताच सांगितलं, गाठोडी चार होती, ते पण लिही.

चार गाठोडी होती. देवजीकाकांचे नातू आज त्याच अंगणात खेळतात आणि त्यांना यातलं काही माहीत नाही. माहीत असण्याची गरजही नाही. आदरणीय काशिनाथभाऊंचे गुडघे आता दुखतात, डॉक्टरांनी थंड पाण्यात उतरायची मनाई केली आहे आणि ते ती पाळत नाहीत. त्यांनी ती पाळावी. सोनूकाकींसह त्यांनी शंभरी गाठावी, डोळे आणि दात शाबूत राहावेत, आणि या किनाऱ्यावर कुणाच्याही घरात गाठोडी बांधायची वेळ आली, तर त्या घरातून हाकेच्या अंतरावर भाऊ असावेत, एवढीच त्यांच्या साठाव्या वर्षी समुद्राकडे आणि देवाकडे प्रार्थना.